लोकर उठली की

बाबांच्या वहीत तारखा आहेत, कारणं नाहीत.
अठ्ठावीस जून. सहा जुलै.
एका वर्षी नुसतंच : पाऊस. पाऊस. उद्या बघू.
आणि एका पानावर, कागद फाटेस्तोवर पेन्सिल दाबून,
नऊ जून. अकरा.

अकरा म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही.
मी सात वर्षांचा होतो.
भादरलेल्या मेंढ्या दगडी भिंतीच्या आडोशाला
एकमेकींत घुसून बसलेल्या,
ईशान्येचं वारं, रात्रभर गारा.
सकाळी ज्या उठायच्या त्या उठल्या.
उरलेल्यांच्या पाठीवर कातरीच्या रेघा तशाच ताज्या,
नुकत्या नांगरलेल्या पट्टीसारख्या.
बाबांनी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.
पुढे आयुष्यभर ‘घाई’ हा शब्द
ते शिवीसारखा वापरायचे.

आता कळप माझा. फेटलर बेट, त्रेसष्ट मेंढ्या,
एक कुत्री, तिला ऐकू कमी येतं.
अर्धा जून सरलाय. रात्र इथे नावालाच;
बारा वाजता अंगणात उभं राहून
ही वही वाचता येते.

ओस्ला कुंपणापलीकडून म्हणते, अजून किती?
तिच्या एकीला शेपटीखाली माशी बसली, किडे पडले.
थांबूनही मरतात, गिडियन,
फक्त हळूहळू, आणि वास येतो.
लोरीचा फोन : मंगळवार रिकामा आहे,
नंतर थेट बारा जुलै. बोल.
ज्याच्या त्याच्याकडे तारीख आहे.
मेंढीकडे नाही.

बुटक्या राखी मेंढीला मी गुडघ्यांत धरतो,
मानेपाशी दोन्ही अंगठ्यांनी लोकर फाकवतो.
वरची मळकी, वर्षभराचं हवामान खाल्लेली.
कातडीलगत नवी, नखाएवढी, पांढरी.
मधे तेलाची पिवळी रेघ.
ती रेघ वर चढायला हवी.
बाबा म्हणायचे, लोकर उठते,
साय धरते तशी, आपण बघत नसताना.
गवत बरं असेल, पोट भरलं असेल,
कोकराने ओढून ओढून तिला वाळवली नसेल
तर उठते.
हे कुठल्या पंचांगात लिहिणार?

मानेची उठलीय. खांद्याची उठलीय.
पाठीची अजून हट्टाने चिकटून.
एकीची अर्धी कुंपणाच्या तारेला लटकतेय,
तिने कुणाला न विचारता ठरवून टाकलं.
तिची सख्खी बहीण मात्र
आतून कडी लावल्यासारखी बंद.

ये मंगळवारी, मी लोरीला म्हणतो.
आवाज बाबांचा निघतो.

मंगळवारी पहाटे धुकं.
समुद्रावरून आलेलं, दाट, केसाकेसाच्या टोकाला थेंब.
ओली लोकर कातरत नाहीत, गाठोड्यात कुजते.
लोरी स्वयंपाकघरात बसून चार कप चहा पितो,
बिस्किटं संपवतो,
यंत्राचं पातं पुसतो, पुन्हा पुसतो.
तीनला वारं फिरलं.
मी राखीच्या पाठीवर पालथा हात ठेवला.
कोरडी. जवळजवळ.
‘जवळजवळ?’ लोरी विचारतो.

वहीत तारीख लिहिली. आणि शेजारी, पहिल्यांदाच, कारण :
पाठीला हात लावून पाहिला.

रात्री आभाळ मोकळं झालं.
म्हणजे गारठा.
कोट चढवून मी भिंतीशी बसलोय,
त्रेसष्ट उघड्या पाठी,
मोजतोय. मग पुन्हा मोजतोय.