इंचात चाळीस घरं

बाहेर शेहेचाळीस. आत कूलर बंद,
कारण कूलर थरथरतो आणि ती थरथर
टेबलापर्यंत येते.
केसाएवढी काच, वरचं कातडं सोललेली,
स्पिरिटनं पुसून दोन चिमट्यांत ताणली आहे.
आतून प्रकाश चालला आहे, एकच, गोल,
पडद्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

मला तो एक नको. दोन हवेत,
मध्ये काळी रेघ असलेले.
आमच्यात याला मोड म्हणतात.
शालिक हेडाऊ म्हणतो,
"म्हंजे बंद्या रुपयाची मोड मागून राहिले तुम्ही, मॅडम."
तसंच. पण गल्ला कुठं आहे?

एका धक्क्यानं प्रकाश ऐकत नाही.
दोन चाली आत एकमेकींना गाठतात, सुटतात,
पुन्हा गाठतात,
अर्ध्या मिलिमीटरहून थोडं पुढं, दर वेळी तिथंच.
तिथंच दाबायचं. पन्नास वेळा.
ठेका चुकला तर आधीच्या दाबानं दिलेलं
पुढचा काढून घेतो.

खाचांची पट्टी पुण्याहून यायची होती.
आली. वाकडी.

सोमवारी शालिकनं डब्याच्या पिशवीतून
जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फणी काढली,
पोलादी, बापाच्या मागाची.
गोळीबार चौकातला माग मोडला तेव्हा
लाकूड सरपणाच्या भावानं गेलं,
फणी कुणी घेतली नाही.
"इंचात चाळीस घरं हायेत जी. मोजा."
मोजली.
पंचवीस हजार चारशे भागिले चाळीस:
सहाशे पस्तीस मायक्रॉन.
मी पुन्हा भागून पाहिलं.

काचेवर फणी. फणीवर अर्ध्या किलोचं वजन,
गेटवरच्या भाजीवालीकडून उसनं.
काहीच नाही. दाणा तसाच.
शालिकनं एका बोटानं फणी तिरपी केली, जराशी;
तिरकं चालणाऱ्याला घरं लांब पडतात.
अजून जराशी.
माझ्या नाकावरचा घाम वहीवर पडला.
दाणा लांबट झाला, मध्ये फिका पडला,
आणि जात्यातून निघाल्यासारखी
डाळ झाली त्याची.
दोन फाकी. मध्ये काळी रेघ.

शालिक बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिला.
"शेवटी दिसे नाही बुढ्याले," तो म्हणाला,
"तरी धागे मोजे. बोटानं."

वजन उचललं की एक, गोल.
ठेवलं की दोन.
दहा वेळा केलं, मग कूलर लावला.

वहीत एक रकाना असतो: घटक कुठून आणला.
मी लिहिलं, फणी, डोमाजी हेडाऊ, गोळीबार चौक.
शालिकनं मान वाकडी करून वाचलं.
"पिनकोड बी टाका," म्हणाला.