ईश्वरचिठ्ठी

चोपडा, प्रभाग नऊ. दोघींनाही चारशे बारा.
साहेबांनी शाळेतून मला बोलावलं,
डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला,
तपकिरीचा वास येणारा.

बरणी लोणच्याची होती, धुतलेली,
तरी बोटाला मोहरीचा दाणा लागला.
दोनच चिठ्ठ्या. एक जरा जाड.
मी पातळ उचलली.
का, ते अजून कळलेलं नाही.

बाहेर गुलाल उडाला. विमलबाई बडगुजर आल्या निवडून.
पडलेल्या सकीनाबी पिंजारी
जाता जाता थांबल्या,
माझ्या मुठीत लिमलेटची गोळी दाबली,
काही बोलल्या नाहीत.

आता नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री अडीचला.
भावाला झोपू देते माय,
हंडा माझ्या पुढ्यात आदळते :
"तूच काढी ना चिठ्ठी? मंग?"