खटका

पहिला मिळाला तो कॅम्पात, शनिवारी,
इराप्पाच्या गोणपाटावर,
नळाच्या तोट्या आणि एका काडीच्या चष्म्याच्या मध्ये.
केवढ्याला? मी विचारलं.
नलवत्तु, तो म्हणाला.
वीस घे की गा, मी म्हटलं.
तिसावर जुळलं. ते कुठल्या भाषेत, आठवत नाही.

रात्रभर रॉकेलात ठेवला.
सकाळी दात घासायच्या ब्रशनं घासताना
पात्याच्या मुळाशी अक्षरं वर आली,
विहिरीतलं कासव येतं तशी, सावकाश:
शेफील्ड.
पुढचं गंजानं खाल्लेलं.

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर काढलीत मी.
केसाएवढा फरक अंगठ्याला कळतो.
म्हणून सांगतो, ज्यानं ही कमान बसवली
त्याचा हात माझ्यापेक्षा बरा होता.
त्याचं नाव कुठंच नाही. शिक्का मालकाचा.
आमच्या पंपांवरही मालकाचंच असायचं.

आता चौतीस आहेत.
सांबरशिंगाच्या मुठीचे, आबनुसाचे,
एक शिंपल्याचा, उजेडात कलता केला
की आतून गुलाबी होणारा.
झोलिंगेनचे सात. हेमलता त्यांना 'जर्मनचे' म्हणते,
आणि जर्मनचं म्हणजे तिच्या लेखी
ज्यात दूध करपतं ते पातेलं.
एक फ्रान्सचा, पोटात बूच काढायचा मळसूत्री दाभण.
निपाणीच्या अण्णू खोतानं त्या दाभणानं
साठ वर्षं तंबाखूच्या गोण्यांच्या गाठी सोडवल्या.
त्याचसाठी केलेला असणार, म्हणाला.
मी बरं म्हटलं.

उघडताना एक खटका, मिटताना दुसरा.
ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच.
घरात उडतात तेही मी असेच ओळखतो:
आधी कपाटाचं दार, मग ताट,
मग 'पेन्शनीतून लोखंड खा आता.'

खंजर गल्लीत मकबूल सिकलगारानं
शेफील्डवाला चाकाला लावलाच नाही.
नखावर टेकवला, एक डोळा मिटून पाहिला.
ह्याच्यात चार-पाच धारा शिल्लक हायत, म्हणाला.
एक आज खर्चायची काय?
मी तो परत खिशात टाकला.

चौतिसावा फिलोमिनाबाई दिनीज यांच्याकडचा.
वाकडं पातं, आणि दुसऱ्या टोकाला
हाडाची एक बोथट जीभ.
पप्पा ह्यानं लोणी लावत असतील, त्या म्हणाल्या.
मी त्यांना परसात नेलं. त्यांच्याच परसात.
आंब्याच्या बुंध्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
साल जिथं दिशा बदलते तो वळ दाखवला.
हाडाच्या जिभेनं साल उचलायची,
फाटू द्यायची नाही, आणि डोळा आत सरकवायचा.
खाली खानापूरचा रायवळ, वर गोव्याचा मानकुराद.
बाई बराच वेळ त्या वळावर हात ठेवून उभ्या होत्या.
मग म्हणाल्या, न्या. पण फुकट नाही,
फुकट दिलेला चाकू माणसं तोडतो.
एक रुपया ठेवा हातावर.

खिशात सुटे नव्हते.
दुसऱ्या दिवशी रुपया घेऊन गेलो, तर त्या चर्चला.
तिसऱ्यांदा चहा दिला, आणि म्हणाल्या, राहू दे, पुढच्या खेपेला.
तेव्हापासून असंच चाललंय.
वहीत त्याच्यापुढं किमतीची जागा कोरी आहे.

परवा दुपारी स्वयंपाकघरातून
एक आवाज आला, मऊ, जरा खालच्या पट्टीतला.
धावलो. ओट्यावर पेटी उघडी,
हेमलताच्या हातात चौतिसावा,
पात्याला मानकुरादाचा रस.
शंभर वर्षांच्या पोलादाला आंबट लावलं हिनं!
तोंडाशी आलेलं सगळं बाहेर पडणार, तोच
तिनं तो पुसला, पदरानं, दोन्ही बाजूंनी,
पुन्हा उघडला, पुन्हा मिटला,
कानाशी धरून.

ह्याचा आवाज वेगळाय की ओ, म्हणाली.
बाकीचे बघू.