अस्सल बरहुकूम

केस नंबर आहे का, ताई?
नाही.
साल?
नव्वदच्या पुढे. त्र्याण्णव असेल, चौऱ्याण्णव.
मी तेव्हा बाळकुमच्या शाळेत तिसरीत होते.
खिडकीपलीकडच्या तांडेलबाई चष्मा कपाळावर सरकवतात:
तिसरीत होतात, हे रजिस्टरात नसतं.

कोर्ट नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून
छापील अर्ज घेतला होता, नक्कल मिळणेबाबत.
कोर्ट फीचं तिकीट डकवलं
त्याच्याच टेबलावरच्या ओल्या स्पंजने.
पक्षकाराशी नाते: मुलगी.
नक्कल कशासाठी हवी: या ओळीला जागा दोन बोटं.
त्यात कसं मावणार, की
घणसोलीत आजोबांच्या गेलेल्या जमिनीपोटी
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघालाय,
मामा-मावश्यांच्या यादीत आईचंही नाव आहे
आणि सिडकोतला माणूस विचारतो,
लग्न झालेली बाई बापाचं नाव का लावते?
मी लिहिलं, वारस नोंदीसाठी.

वैती नावाने काहीच सापडलं नाही.
एक दिवस गेला.
दुसऱ्या दिवशी तांडेलबाईच म्हणाल्या,
अहो, काडी मोडली तेव्हा ती वैती होती का?

मग सूचीत, विटलेल्या निळ्या शाईत,
कुमुदिनी जनार्दन भगत.
तीस वर्षं या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती.
रेशन कार्डावर नाही, गॅसच्या पुस्तकात नाही,
हळदीकुंकवाला तर बोलावणंच नाही.
इथे मात्र ती होती,
अभिलेख कक्षात, वरच्या फळीवर,
लाल फडक्याच्या बस्त्यात,
नवऱ्याशेजारी, एकाच दोऱ्यात ओवलेली.

बाळाराम शिपायाने गठ्ठा टेबलावर आपटला.
दोघेही शिंकलो.
हात लावू नका, म्हणाला,
पण पान उलटून धरलं
वाचून होईल इतका वेळ.

कलम तेरा ब. परस्पर संमतीने.

आमच्याकडे सांगत, तो टाकून गेला.
मावशी सांगायची, शाळेतल्या बाई सांगायच्या,
मी स्वतः कॉलेजात एका मुलाला सांगितलं होतं, रडून.
टाकून गेला.
इथे टाईप केलेलं होतं,
अर्जदार क्रमांक एक: कुमुदिनी.
सही ठाम, शेवटची रेघ वर उचललेली.
क्रमांक दोनच्या सहीत
शाई एका जागी साचलेली.
पेन टेकवून तो थांबला असावा,
कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून.

परिशिष्ट. परत मिळालेल्या वस्तू.
शिलाई मशीन एक.
पितळी हंडे दोन.
चांदीचा करदोडा एक, लहान मुलीचा.
आणि त्याखाली, हाताने घुसडलेलं:
मुलगी एक.

आठ दिवसांनी नक्कल तयार झाली.
पानापानावर गोल शिक्का, शेवटी
अस्सल बरहुकूम नक्कल.
पोच घेताना तांडेलबाई म्हणाल्या,
तुमच्या वडिलांनीही नेली होती एक.
दोन हजार चारला. जुन्या रजिस्टरात दिसली.
कशासाठी, ते लिहिलंय?
त्यांनी ओळीवरून बोट नेलं.
खाजगी कामासाठी.

आई ओट्यावर जवळा निवडत बसली होती.
हाताला वास आहे, म्हणाली, तूच वाच.
मी वाचलं.
क्रमांक एकपाशी थांबले.
ती थांबली नाही.
काड्या एका बाजूला, बारीक खडे दुसऱ्या बाजूला.
वडिलांनी नेलेल्या नकलेचं सांगितलं
तेव्हा हात क्षणभर सुपातच राहिला.
मग म्हणाली,
नाव बरोबर आलंय ना गो?
त्या टायपिस्टाने कुमुदीनी केलं होतं, दीर्घ.
जजसमोर उभी राहून दुरुस्त करायला लावलं मी.

पाहिलं.
झेरॉक्सच्या काळपट पानावरही दिसत होतं,
खोडलेल्या वेलांटीच्या शेजारी, समासात,
कु. ज. भ.
आणि तीच वर उचललेली रेघ.