डोळे फुटताना

ऑक्टोबर. तिकडे तो वसंत.
बॅनकबर्नच्या उतारावर वेलींना नुकते डोळे फुटलेत,
मुगाच्या मोडाएवढे, लव असलेले,
आणि रात्री अडीचला नायरीच्या उशाशी गजर:
उणे एक.

ती नवऱ्याचा कोट चढवते
(खिशात अजून त्याच्या सुतळीचे तुकडे)
आणि गमबूट ओढत खाली उतरते.
शेजारच्या मळ्यावर हेलिकॉप्टर घरघरतंय,
वरची कोमट हवा खाली ढकलतंय;
त्याच्या तासाचं बिल ऐकून अशा थंडीतही घाम फुटावा.
नायरीकडे तळं आहे, जुना पंप आहे,
आणि वानुआटूहून सात महिन्यांसाठी आलेला कालसाउ,
ज्याने बर्फ आजवर फक्त माशांच्या पेटीत पाहिला.

"पाणी सोड."
"या गारठ्यात?"
"सोड."

फवारे फिरू लागतात.
पाणी पडतं तिथेच गोठतं,
एकेका डोळ्यावर काचेची पापणी.
गोठता गोठता पाणी आपली ऊब देऊन टाकतं, ती सांगते,
म्हणून आत शून्य राहतं, खाली जात नाही.
पण थांबायचं नाही.
थांबलं की हाच बर्फ मारतो.
कालसाउ एक काडी चाटून बघतो.
चव नाही, म्हणतो.

चारला पंप खोकतो. जाळीत शेवाळ.
ती नको म्हणायच्या आत तो शर्ट काढून
छातीभर तळ्यात,
दोन्ही हातांनी शेवाळ उपसत, आपल्या भाषेत
शिव्या देत, की प्रार्थना म्हणत,
तिला फरक कळत नाही.
ती काठावर विजेरी धरून,
डोळ्यांत तेल घालून डोळ्यांची राखण.
नवरा असता तर म्हणाला असता,
जर्दाळूच बरे होते.
खरं तर तो असं कधीच म्हणाला नसता.
जर्दाळू त्यानेच उपटले होते.

सोन्यासाठी कधीकाळी धुऊन काढलेल्या कड्यांवर
ऊन येतं. मळा ठिबकू लागतो.
कालसाउ गाडीच्या हीटरपुढे, घोंगडीत, दात वाजवत
फोनवर आईला दाखवतो.
आई विचारते, ही काचेची झाडं कोण विकत घेतं?

खालच्या चार ओळी, जिथे फवारा पोचत नाही,
दुपारपर्यंत चहाच्या चोथ्यासारख्या होतील.
बाकीच्यांचं तीन दिवसांनी कळेल.

वाइन व्हायला अजून दोन वर्षं.
मग कुठेतरी कुणी पेला नाकाशी धरून म्हणेल:
चेरी, ओली माती, किंचित धूर.
शेवाळ म्हणणार नाही कुणी.