शिंगवाली

चोपड्यात, यावल रस्त्याला, घराच्या मागच्या अंगाला
तेलाच्या पत्री डब्यांत अकरा टमाट्याची रोपं.
सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं
मी काचपट्टीवर माणसांच्या पेशी मोजल्या.
आता हे.

शिवारातली कपाशी उपटून झाली
की पतंग गावात शिरतात. जाणार कुठं.
अंगणातल्या बल्बला धडका देतात,
पानांवर खसखशीसारखी अंडी ठेवतात
आणि सकाळी काहीच न केल्यासारखे
भिंतीला चिकटून असतात.

आधी अळी दिसत नाही, लेंडी दिसते.
काळी-हिरवी, मिऱ्याएवढी, खालच्या पानावर पडलेली.
मी ती रिपोर्टसारखी वाचते:
रुग्ण वरच्या मजल्यावर आहे.
वर बघते. देठ, पान, देठ. कुणी नाही.
फळाला मात्र देठाजवळ नेटकं भोक,
सुई टोचून कुणी नमुना नेल्यासारखं.

शेजारच्या निंबाअप्पांना विचारलं.
केळीत जन्म गेलेला माणूस,
टमाट्याला पीकच मानत नाही.
"दिनले दपस, रातले खास," म्हणाले,
"बॅटरी लई अन् बाराले ऊठ."
आणि कुंपणावरून गेल्या उन्हाळ्यातल्या
लिंबोळ्यांचं गाठोडं दिलं.

लिंबोळ्या कुटल्या, रात्रभर भिजवल्या,
विटक्या ओढणीतून गाळल्या.
पाणी दुधासारखं, वास असा
की मांजर तीन दिवस अंगणात फिरकलं नाही.
उन्हं उतरल्यावर पानांच्या पोटाला फवारलं.
बारीक अळ्यांनी खाणं सोडलं.
मोठ्यांना ती चटणी वाटली असावी.

म्हणून रात्री बारा. डोक्याला मफलर,
एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याची बरणी,
जिच्यावर अजून "लोणचं, कैरी" असं चिकटवलेलं.
पहिली अळी चिमटीत धरली, तर गार.
आणि इतकी मऊ
की नवजात बाळाची टाच आठवली,
एका थेंबासाठी मी दाबायचे ती.
टाकली. एक बुडबुडा आला.

त्या रात्री सात. दुसऱ्या रात्री पाच. मग अकरा.
वहीत लिहीत गेले, तारखेखाली सहीसुद्धा.
सवय.

सतराव्या रात्री, नवव्या डब्यात, ती.
बोटाएवढी जाड, शेपटीला शिंग,
अख्खी फांदी फस्त करून बसलेली.
आणि पाठीवर तांदूळ.
पांढरे, उभे, वीस-बावीस.

हात नेला, तसाच थांबला.
तांदूळ नव्हेत. चिलटाएवढ्या एका माशीची पिल्लं
आतून हिला खात खात बाहेर आली होती
आणि हिच्याच पाठीवर कोष विणून झोपली होती.
अळी जिवंत होती. खात नव्हती.
मान उचलून बसली होती,
लॅबबाहेरच्या बाकावर बसतात तशी.
त्या बाकावरच्यांचं मला आधी कळलेलं असायचं.
सांगायचं डॉक्टरांनी, असा नियम.
मी फक्त म्हणायचे, "चारनंतर या."

हिला बरणीत टाकणं दयेचं झालं असतं.
पण मग त्या बावीस माश्याही गेल्या असत्या,
आणि त्या पुढं ज्या अळ्यांत शिरणार
त्या सगळ्या माझ्या टमाट्यांवर आल्या असत्या.
गणित सोपं होतं.
मी बॅटरी मालवली
आणि थंडीत उगाच उभी राहिले, बऱ्यापैकी वेळ.

पाच दिवसांनी कोषांची टोपणं उघडलेली.
अळी पायातून काढलेल्या मोज्यासारखी लोंबत होती.
वहीत त्या तारखेला "एक" लिहिलं, खोडलं,
रकाना कोरा ठेवला. सही केली नाही.

भोकाची फळं मी टाकत नाही.
सडका भाग कापते, उरलेलं
हिरव्या मिरच्या, लसूण घालून तव्यावर ठेचते.
अप्पांना वाटीभर दिलं. भोकाचंही सांगितलं.
त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवला.
"अळीनी चाखेल शे ना," म्हणाले, "मंग गोडच व्हई."