टमरेल

बर्गे सरांच्या तक्त्यात सगळं आहे:
मंगळवारी चढ, गुरुवारी वेग,
रविवारी लांब पल्ला,
सोमवारी पाय वर करून पडायचं.
पोटाला मात्र रकाना नाही.

पहिल्यांदा झालं ते यवतेश्वरच्या घाटात,
चौथ्या वळणावर, पहाटे पावणेसहाला.
खाली सातारा अजून दिवे लावून झोपलेला
आणि माझ्या बेंबीखाली कुणीतरी
ओला टॉवेल पिळायला घेतला.

पुरुषांचं बरं असतं.
निंबाळकर साहेब 'आलोच' म्हणतात,
घाणेरीच्या जाळीत दिसेनासे होतात
आणि परत येतात ते शीळ घालत.
मी कठडा धरून उभी, घाम गार,
दुधाच्या गाडीवाल्याला हात करून सांगतेय,
काही नाही, पायात गोळा आलाय.

चव्वेचाळीस वर्षांची मी.
पोस्टात, काउंटर नंबर तीन.
रोज शंभर माणसांना सांगते, पुढच्या खिडकीत जा.
त्या दिवशी मला पुढची खिडकी नव्हती.

वळणापलीकडे पत्र्याचं घर.
दारात एक बाई मिश्री लावत बसलेली.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
मग एकमेकांना चिकटलेल्या गुडघ्यांकडे,
आणि बोट तोंडातच ठेवून
मागच्या अंगाला मान हलवली.

सरकारी संडास. दारावर रंगवलेला आकडा.
आत गवताच्या पेंढ्या, मोडकी सायकल, कांद्याचं पोतं.
'थांबा वाईच,' म्हणाली,
आणि आम्ही दोघी गवत उपसू लागलो,
मी एका हातानं. दुसरा कामात होता.
पाठ होते तेवढे देव संपले,
मग मी पिनकोड म्हणत राहिले.
तिनं टमरेल भरून दिलं. निळं, कान तुटलेलं.
पुढचं सुख लिहिण्यासारखं नाही.

शेवंता जांभळे तिचं नाव.
सर विचारायचे, चौथ्या वळणावर
तुमचं घड्याळ सात मिनिटं थांबतं कसं?
मी म्हणायचे, चढ आहे, सर.

मग वही केली.
शनिवार: वरणभात, साडेसातला. रविवार: निभावलं.
शनिवार: मटकीची उसळ, थोडीशीच. रविवार: शेवंता.
शनिवार: जावेच्या नातवाचं बारसं.
रविवार: विचारू नका.

शर्यतीला पंचवीस दिवस असताना ताप आला.
डॉक्टर शिकलगारांनी रिपोर्ट उलटा धरला, सुलटा धरला.
'टायफॉईड. पळायचं नाही.'
'चाललं तर?'
'संडासापर्यंत.'

खाट ते संडास, अकरा पावलं.
एका रात्री नऊ खेपा.
वहीत लिहिलं: लांब पल्ला, एकशे अठ्ठ्याण्णव पावलं,
वेग: जीव मुठीत.
एकदा नाहीच पोचले.
शशिकांत, ज्यानं मला कधी पळताना पाहिलं नाही,
चादर बादलीत बुडवत म्हणाला, 'पाणी भरलंय.'
एवढंच. आणि दिवा लावून ठेवला.

शर्यतीच्या दिवशी त्याच्याच स्कूटरवर मागे बसून
चौथ्या वळणापर्यंत गेले. पाय काठीसारखे,
डोक्याला मफलर, सप्टेंबरात.
लोक पळत होते. मला वाईट वाटेल म्हणून
शशिकांत घाटाकडे बघत उभा होता.
वाटलंही.

तेवढ्यात एक पोरगी रांगेतून बाजूला झाली.
छातीवर नंबर, ओठ पांढरे,
गुडघे एकमेकांना चिकटलेले.
'काकू, इथं कुठं,' एवढंच म्हणाली.
मी मागच्या अंगाला मान हलवली.

शेवंतानं टमरेल आधीच भरून ठेवलं होतं,
संडास रिकामा, धुतलेला,
दाराला बाहेरून आतून कडी.
'गवत कुठं टाकलंस गं?' मी विचारलं.
'भायेर. भिजतंय,' ती म्हणाली,
'भिजू दे. अजून लई जणी यायच्यात.'